म्हणे, नागपूरने बाई निवडूनच दिली नाही!

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरून राहिला आहे. 'नागपूरने लोकसभेत एकही महिला पाठवली नाही. एक काळेबाई होत्या, पण त्या दिल्लीने नेमलेल्या. इथला मतदार बाईला मत देत नाही. आता मात्र 2023 च्या कायद्याने नागपूर महिलांसाठी राखीव होणार.' माझी भाची महापालिकेच्या तिकिटासाठी धडपडतेय. तिला घरातल्याच एका काकाजींनी हा मेसेज वाचून दाखवला आणि वर म्हणाले, "काहून डोकं खपवतेस?" म्हणून लिहितेय, नाहीतर असल्या मेसेजकडे मी बघतही नाही.

'नेमलेल्या' म्हणणं तर कहरच आहे. अनसूयाबाई काळे 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर नागपुरातून निवडून आल्या, आणि 1957 मध्ये पुन्हा. 1952 ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि पेटीवर त्याचं चिन्ह. आपल्या आज्या-पणज्यांनी काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेटीत चिठ्ठी टाकली, तेव्हा बाई दिल्लीला गेल्या. नेमणुकीला पेट्या कशाला लागतात?

निवडणूक आयोगाचा 1951-52 चा अहवाल फुकट बघायला मिळतो. पण तिथे 'महाराष्ट्र' शोधाल तर काहीच सापडणार नाही. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं. नागपूर मध्य प्रदेशात होतं, राजधानीच होती. 1957 ला आपण मुंबई राज्यात. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक 1960 नंतरचीच यादी चाळली आणि मोकळा झाला.

अर्धं खरं आहे तेवढं देऊन टाकते. 1928 साली मध्य प्रांताच्या कायदेमंडळात त्या नियुक्त म्हणून गेल्या होत्या. पण 1930 च्या सत्याग्रहात त्यांनी ते पद सोडलं आणि तुरुंगात गेल्या. 1937 ला विधानसभेवर निवडून आल्या आणि सभागृहाच्या उपाध्यक्षाही झाल्या. 1942 च्या 'चले जाव' चळवळीतल्या चिमूर-आष्टी प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवायला त्यांनी जिवाचं रान केलं. अशा बाईला नुसतं 'नेमलेली' म्हणून निकालात काढायचं?

'मतदार बाईला मत देत नाही' यावर फार लिहीत नाही. आपल्या विदर्भातूनच भावना गवळी पाच वेळा खासदार झाल्या, अमरावतीने 1991 ला प्रतिभा पाटील दिल्या, बाजूच्याच रामटेकने 1998 ला राणी चित्रलेखा भोसले. हे सगळे मतदार काय परदेशातले होते?

हो, 1962 पासून नागपूरच्या खासदारांच्या यादीत एकही बाई नाही. हे मान्य, आणि लाजिरवाणंही आहे. पण मतदाराच्या नावाने बोटं मोडण्याआधी मोठ्या पक्षांनी इथून किती जणींना तिकीट दिलं, तेही बघा. मेसेजमध्ये त्यावर अवाक्षर नाही.

आणि तो 2023 चा महिला आरक्षणाचा कायदा. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर आरक्षण लागू होईल, असं त्यातच लिहिलंय. नागपूर राखीव होईल असं त्यात कुठेच नाही. कुठल्याच मतदारसंघाचं नाव त्यात नाही. काकाजींकडे राखीव जागांची यादी आधीच पोचली असेल, तर बाप्पा, मलाही पाठवा.