कॉम्पोझिट बारमध्ये लोड क्षेत्रफळ बघून वाटला जात नाही

कॉम्पोझिट बारची, म्हणजे दोन मटेरियल शेजारी-शेजारी जोडून एकत्र लोड घेणाऱ्या बारची, गणितं झटपट सोडवण्याचा एक शॉर्टकट विद्यार्थ्यांमध्ये जोरात फिरतो. एकूण लोडला एकूण क्षेत्रफळाने भागा, दोन्ही मटेरियलमधला स्ट्रेस (एकक क्षेत्रफळावरचं बल) मिळतो. जे मटेरियल मजबूत, ते जास्त लोड घेतं. दोघांच्या परवानगीच्या (सुरक्षित मानलेल्या) लोडची बेरीज म्हणजे बारची क्षमता. आणि दोन्ही एकत्र जखडलेले असल्याने तापमानाचा स्ट्रेस येत नाही. यातलं एकही विधान टिकत नाही.

आकडे घेऊनच बघू. 500 मिमी लांबीचा स्टीलचा रॉड, त्याभोवती तेवढ्याच लांबीची ॲल्युमिनियमची नळी, दोन्ही टोकांना जाड ताठ प्लेट, आणि बरोबर अक्षावर 90 किलोन्यूटन दाब. स्टीलचं क्षेत्रफळ 300 चौरस मिमी, ॲल्युमिनियमचं 600. यंग मॉड्युलस (मटेरियलच्या ताठपणाचं माप) अनुक्रमे 200 आणि 70 गिगापास्कल.

"स्ट्रेस = एकूण लोड ÷ एकूण क्षेत्रफळ"

या हिशोबाने दोन्हींत 100 मेगापास्कल येतात. मग स्टील 0.25 मिमी आखडेल आणि ॲल्युमिनियम 0.714 मिमी. एकाच ताठ प्लेटखाली हे होणार कसं? प्लेट दोघांना सारखंच दाबते. म्हणजे सारखा असतो तो स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात लांबीतला बदल), स्ट्रेस नव्हे. लोड वाटला जातो क्षेत्रफळ गुणिले मॉड्युलस या प्रमाणात: स्टीलचे 60,000, ॲल्युमिनियमचे 42,000, एकूण 1,02,000 किलोन्यूटन. त्यामुळे स्टीलच्या वाट्याला 52.9 किलोन्यूटन येतात आणि ॲल्युमिनियमच्या वाट्याला 37.1. स्ट्रेस 176.5 आणि 61.8 मेगापास्कल. पडताळा घ्या: कुठल्याही बाजूने मोजा, आखडणं 0.441 मिमीच येतं. हा पडताळा जुळला नाही तर उत्तर चुकलं, हे नक्की.

दोन तुकडे एकापुढे एक जोडलेले असतील तर मात्र उलट: लोड दोघांत सारखा आणि लांबीतले बदल बेरजेत. आकृती न बघता सूत्र उचललं की इथेच घसरायला होतं.

"मजबूत मटेरियल जास्त लोड घेतं"

लोड खेचतो तो ताठपणा, मजबुती नव्हे. वरच्या रॉडच्या जागी दुप्पट-तिप्पट यील्ड स्ट्रेंथचं (कायमचा आकारबदल सुरू होतो तो स्ट्रेस) अलॉय स्टील घाला. मॉड्युलस जवळपास 200 गिगापास्कलच राहतो, म्हणून वाटा तोच 52.9 किलोन्यूटन. मजबुतीचा प्रश्न येतो तो एखादं मटेरियल यील्ड होऊ लागल्यावर.

"परवानगीच्या लोडची बेरीज म्हणजे क्षमता"

समजा परवानगी स्टीलला 150 आणि ॲल्युमिनियमला 60 मेगापास्कल. बेरीज येते 45 + 36 = 81 किलोन्यूटन. पण स्टील 150 ला पोचतं तेव्हा स्ट्रेन 0.00075 असतो, आणि तेवढ्या स्ट्रेनला ॲल्युमिनियममध्ये फक्त 52.5 मेगापास्कल असतात. खरी मर्यादा 76.5 किलोन्यूटन. 81 घातले तर स्टील परवानगीबाहेर जाईल. आधी दोघांचा परवानगीचा स्ट्रेन काढायचा, जो लहान तो धरायचा.

"तापमानाचा स्ट्रेस येत नाही"

हे विधान सर्वांत घातक आहे. एकत्र जखडलेले असतात म्हणूनच तर स्ट्रेस येतो. तापमान 50 अंश सेल्सिअसने वाढलं, तर मोकळं स्टील 0.30 मिमी वाढेल (प्रसरणाचा गुणांक दर अंशाला 12 × 10⁻⁶) आणि मोकळं ॲल्युमिनियम 0.575 मिमी (23 × 10⁻⁶). टोकं पक्की जोडलेली असतील तर दोघं 0.413 मिमीवर तडजोड करतात: स्टील ओढलं जातं, ॲल्युमिनियम दाबलं जातं. बाहेरचा लोड नाही, म्हणून दोघांतलं बल सारखं, 13.6 किलोन्यूटन. स्ट्रेस स्टीलमध्ये 45.3 ताण, ॲल्युमिनियममध्ये 22.6 दाब. इथे स्ट्रेसचं प्रमाण मॉड्युलसवरून नव्हे, क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात येतं. लोडचं सूत्र इथे चिकटवू नका.

आता मघाचे 76.5 किलोन्यूटन आणि ही उष्णता एकत्र करा. स्टीलवरचा दाब 150 वरून 104.7 वर उतरतो, ॲल्युमिनियमवरचा 52.5 वरून 75.1 वर चढतो. थंड असताना स्टील ठरवत होतं, गरम झाल्यावर ॲल्युमिनियम परवानगीबाहेर गेलं.

आणखी एक गोष्ट, जी शॉर्टकटमध्ये नाहीच आणि प्रत्यक्ष जोडणीत नेमकी नडते. वरचं सगळं गणित दोघांची लांबी तंतोतंत सारखी धरून आहे. नळी फक्त 0.2 मिमी लांब राहिली तर पहिले 16.8 किलोन्यूटन एकट्या ॲल्युमिनियमवर जातात. 90 पूर्ण होईपर्यंत त्यातला स्ट्रेस 61.8 ऐवजी 78.2 मेगापास्कल झालेला असतो, आणि स्टील 143.5 वरच थांबतं. म्हणून रॉड आणि नळीची टोकं एकाच सेटिंगमध्ये फेस करावीत (कापून सपाट करावीत) आणि लोड देण्याआधी रॉडचं टोक व प्लेट यांमध्ये फीलर गेज (फट तपासायची पातळ पट्टी) शिरतो का ते बघावं.