ब्रीच सील घरी बदलावं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एअर रायफलचं फाटलेलं ब्रीच सील (नळीच्या सांध्यातून हवा गळू न देणारी कडी) घरच्या घरी कसं बदलायचं, या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत. बंदूक घरी उघडायला शिकवणं बेजबाबदारपणाचं आहे, ते कायद्यात बसत नाही, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा नळीच्या सांध्यात दोन थेंब तेल सोडलं की काम भागतं.

कायद्याचं आधी उरकतो. दारूगोळ्यावर चालणाऱ्या बंदुकांच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्यांच्या दुरुस्तीचं काम करायलाही परवाना लागतो. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, ती स्पर्धा अशाच, दारूगोळ्यावर चालणाऱ्या .२२ च्या रायफलीची. तशा रायफलचा एक स्क्रूही घरी हलवा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही. माझा लेख होता .१७७ च्या, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या, नळी सांध्यात खाली वाकवून भरायच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या छऱ्याच्या रायफलबद्दल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मात्र ‘जास्त जोर यावा’ म्हणून कोणी जाडजूड स्प्रिंग बसवली आणि ताकद २० ज्यूलच्या वर गेली, तर तीच रायफल परवान्याच्या कक्षेत येते. झिजलेला भाग मूळ मापाचाच बसवायचा, हा माझा आग्रह त्यासाठीच.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. तुमची काळजी मला पटते, पण ती चुकीच्या भागावर बेतलेली आहे. ब्रीच सील म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी बसणारी रबराची किंवा चामड्याची लहानशी कडी. तिच्यावर स्प्रिंगचा ताण नसतो. नळी सील दिसेल एवढीच खाली करायची, रायफल कॉक होऊ द्यायची नाही (म्हणजे स्प्रिंग दाबून अडकेल इतकी नळी खाली न्यायची नाही), छर्रा आत नाही हे आधी बघायचं आणि नळी एका हाताने घट्ट धरून ठेवायची. कॉक केलेल्या रायफलमध्ये चाप सुटला तर नळी फटकन वर येते आणि मध्ये बोट सापडलं तर ते तुटूही शकतं. म्हणून हे काम एकट्याने, घाईत किंवा मुलं आसपास असताना करू नये. जुनं सील लाकडी काडीने उचकटायचं, लोखंडी टोकाने नाही, कारण खाचेला ओरखडा पडला की नवं सीलही गळतं. नवं सील नळीच्या तोंडापेक्षा किंचित वर राहिलं पाहिजे. खोल बसत असेल तर खाली पातळ चकती घालायची. बस, एवढंच काम आहे.

खरा धोका मेनस्प्रिंगचा, म्हणजे पिस्टन ढकलणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा. रायफल कॉक केलेली नसतानाही ती स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते. मागची पिन काढली की स्प्रिंग अडवून धरणारा अख्खा प्लग मागे असलेल्या माणसाच्या छातीवर किंवा तोंडावर येऊ शकतो. स्प्रिंग दाबून धरणारं कॉम्प्रेसर नसेल तर तिच्या वाटेला जाऊच नका. पिस्टनच्या तोंडावरचं पिस्टन सीलही स्प्रिंग काढल्याशिवाय हाती लागत नसल्यामुळे तेही कारागिराचं काम. माझ्या लेखात स्प्रिंगबद्दल एक ओळही नव्हती, ती याचसाठी. १० मीटरच्या स्पर्धेत वापरतात त्या रायफलींच्या हवेच्या सिलेंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. त्यांनाही घरी हात लावायचा नाही.

राहिलं तेल. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण हाच सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि चांगल्या रायफली त्यानेच खराब होतात. सांध्यात सोडलेलं तेल हवेच्या छिद्रातून पिस्टनपुढच्या पोकळीत उतरतं. चाप ओढल्यावर तिथली हवा क्षणात इतकी दबते आणि तापते की ते तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात होतं तसंच. बार मोठा वाजतो, नळीतून धूर येतो आणि लोकांना वाटतं जोर वाढला. प्रत्यक्षात सील जळत असतं, स्प्रिंगला उलटा धक्का बसत असतो आणि प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने सुटतो. जुन्या देशी रायफलींमध्ये चामड्याचं वॉशर असे. ते सुकून आक्रसू नये म्हणून तेल लागायचंच, आणि तिथून ही सवय आली असावी. रबरी किंवा पॉलियुरेथेनच्या सीलला ती लावू नका.

घरी करायला सांगण्यामागे माझा एक हट्ट आहे, तोही सांगतो. सील गळतंय हे कळायलाच लोकांना फार वेळ लागतो. छर्रे वर-खाली पडू लागले की नेमबाज आपल्याच हाताला दोष देतो, पकड बदलतो, साइट फिरवत बसतो. नवशिकी मुलं तर खेळच सोडून देतात. खरं तर सुरक्षित जागी, समोर छर्रा अडवणारा नीट बॅकस्टॉप ठेवून, सांध्यावर टिश्यूचा लहान तुकडा ठेवून एक छर्रा मारला की उत्तर मिळतं. कागद उडाला तर हवा तिथूनच जातेय. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने रबराच्या एका कडीसाठी रायफल पुण्या-मुंबईला पाठवावी, हे मला पटत नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या रायफलमधूनही हल्ली धूर येतो. तेल टाकणं आजच थांबवा, कापसाने सांधा कोरडा करा आणि टिश्यूची चाचणी करून बघा. कागद उडाला तर जुन्या सीलचा बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजून इथेच कळवा, कोणती ओ-रिंग (रबरी कडी) बसेल ते सांगतो. कागद जागचा हलला नाही आणि जोर तरीही कमी असेल, तर दोष पिस्टन सीलमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये आहे. मग ती रायफल न उघडता कारागिराकडे द्या.