सिस्टरचं मन दगडाचं नसतं, मामा

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "रोज मरण पाहून नर्सचं मन दगड होतं. पेशंट म्हणजे फक्त बेड नंबर. माणूस गेला की पाच मिनिटांत चहा. रडते ती कच्ची नर्स." माझी धाकटी बहीण सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळी करून आली, मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि न जेवताच झोपली. म्हणून लिहितो.

बेड नंबरचं आधी. हो, वॉर्डात असंच बोलतात, 'सात नंबरचं सलाईन बदल.' लंडनच्या एका रुग्णालयातल्या नर्सेसचा अभ्यास करून मनोविश्लेषक इझाबेल मेंझीज यांनी 1960 साली नेमकं यावरच लिहिलं. तिथंही 'दहा नंबरचं लिव्हर' म्हणायचे. त्यांनी दाखवलं की ही मनातल्या धास्तीपासून वाचायची धडपड असते, आणि धास्ती त्यानं मिटत नाही, आतच राहते. मेसेज नेमका उलटं सांगतो.

सात नंबरला कोण होतं, हे बहिणीनं मला नावानिशी सांगितलं. कपाशीवर फवारताना विष भिनलेला शेतकरी. दोन रात्री ती त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी, तोंडातली लाळ बघत होती, डॉक्टरांनी सांगितलं तसं विषावरचा उतारा म्हणून ॲट्रोपिन देत होती. बायको दर खेपेला विचारायची, "सिस्टर, याइले काई होत त नाही ना?" पहाटे तो गेला. हिनं डोळे मिटवले, हनुवटी बांधली, वेळ लिहिली, पोलिसांना कळवायचा कागद भरला. तेवढ्यात आठ नंबरला धाप लागली. रडायचं कधी? पाळी संपल्यावर बाथरूमचा नळ सोडून रडली. आता फवारणीचे दिवस आले की त्या औषधाचा वास गावभर असतो, आणि ती खिडक्या लावून घेते.

चहा? रात्रभर उभी असलेली बाई चहा घेणारच.

काही सिस्टर नातेवाइकांवर खेकसतात, हे मात्र खरं. मीही ऐकून घेतलंय, रागही आलाय. तेवढं मान्य.

पण 'रडते ती कच्ची' हे सगळ्यांत वाईट, कारण नव्या पोरी ते खरं मानतात. घरच्यांना सुतक असतं, तेरवी असते, चार माणसं येऊन बसतात. सिस्टरला कोण विचारतं? अमेरिकेत जोनाथन बार्टेल्स या नर्सनं एक रिवाज सुरू केला: पेशंट गेला की सगळे जण थोडा वेळ त्याच्यापाशी शांत उभे राहतात. याला पैसा लागत नाही. आपल्याकडे का होऊ नये?

मामा, मेसेज काढा आणि तिला फोन करा. आज पुन्हा रात्रपाळी आहे, सातच्या आत करा.