हो काका, हेल्मेट घातलंय!

सकाळी सायकल काढली की पार्किंगमध्ये कोणीतरी काका भेटतातच. "जपून हं, हेल्मेट घातलंत ना?" घातलंय! पुढे पांढरा दिवा, मागे लाल, अंगात पोपटी जॅकेट, हँडलला आरसा. चालता-बोलता आकाशकंदील झालेय मी. अजून किती जपू?

म्हणे डावीकडून चालवा. पुण्यात कर्वे रोडला डावीकडे काय असतं ते बघायला या एकदा. डांबराचे थरावर थर चढले, चेंबरचं झाकण मात्र खालीच, चार बोटं खोल. पुढे पावसाळी गटाराची जाळी, तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या! आडव्या बसवल्या असत्या तर कोणाच्या बापाचं काय जाणार होतं? गेल्या जुलैत पाणी साचलेलं, जाळी दिसलीच नाही. चाक आत, मी बाहेर.

जाळी चुकवायला उजवीकडे सरकावं तर मागून हॉर्न आणि "ओ मॅडम, रस्ता विकत घेतलाय का?" उभ्या गाड्यांना चिकटून जावं तर कारचं दार धाडकन तोंडावर. अरे, दारापासून लांबच्या, म्हणजे डाव्या हाताने उघडा ना दार! अंग आपोआप वळतं, मागचं दिसतं. नेदरलँड्समध्ये हेच, लांबच्या हाताने दार उघडणं, शिकवतात लोकांना. आपल्याकडे डाव्या हातात मोबाइल असतो.

"मग सायकल ट्रॅकवरून जा की." कुठल्या? २००६ साली कात्रज-स्वारगेट बीआरटी (बससाठी वेगळी लेन) आली तेव्हापासून ट्रॅकचं ऐकतेय. २०१७ मध्ये तर शहराचा अख्खा सायकल आराखडा मंजूर झाला. माझ्या वाटेवरच्या ट्रॅकवर उखडलेले पेव्हर ब्लॉक, विजेची डीपी पेटी, वडापावची गाडी, स्कूटरींची रांग आणि राँग साइडने येणारा डिलिव्हरीवाला. (त्या पोराला दोष देववत नाही, त्याचं घड्याळ दुसऱ्याच्या हातात.) ट्रॅक संपतो तिथे वीतभर उंच कठडा. उचला सायकल!

आणि वर "सायकलींचं पुणे" म्हणून उसासे. माझे बाबा तीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने गेले, बोडक्या डोक्याने. शिफ्ट सुटली की गेटबाहेर नुसत्या सायकलीच. त्यांना कोणी "जपून जा" म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

त्या दिवशी जाळीत पडले तेव्हा एका गृहस्थांनी उठवलं. कोपर सोलवटलेलं, रिम आऊट. ते म्हणाले, "हेल्मेट होतं म्हणून वाचलात हो."

डोकं कुठेच आपटलं नव्हतं. जाळी अजून तशीच आहे.