निकाल लागला, पण लागू कधी?

महाराष्ट्रात आमदाराला दोन वर्षांची शिक्षा झाली की लगेच दोन तट पडतात: ‘आमदारकी गेली’ आणि ‘अजून वरचं कोर्ट आहे’. जर्मनीत अशा बातमीखाली हटकून एक ओळ असते: निकाल अजून ‘रेख्ट्सक्रेफ्टिश’ नाही, म्हणजे अंतिम झालेला नाही.

जर्मनीत फौजदारी निकालावर दाद मागायला निकाल सुनावल्यापासून एकच आठवडा मिळतो. पण तेवढ्यात एका ओळीचा अर्ज दिला तरी चालतं, कारणं लेखी निकाल हाती आल्यावर मांडायची. अर्ज वेळेत पडला की शिक्षेचा अंमल आपोआप थांबतो. गंभीर गुन्ह्यात वर्षभर किंवा जास्त कैद झाली तर पद जातं आणि पाच वर्षं निवडणूक लढवता येत नाही, पण तेही निकाल अंतिम झाल्यावरच. (खटल्यादरम्यानची कोठडी वेगळी, ती सुटतेच असं नाही.)

आपल्याकडे उलटं. लोकप्रतिनिधी कायद्यात पूर्वी तीन महिन्यांची सवलत होती, तेवढ्यात अपील केलं की खुर्ची शाबूत. लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलै 2013 रोजी ती रद्द केली. आता अपील म्हणजे स्थगिती नव्हे. सगळी गफलत इथेच होते: वकील शिक्षेला स्थगिती मिळवतात, जामीन होतो, कार्यकर्ते फटाके वाजवतात, पण दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवल्याच्या निकालालाच, स्थगिती नसेल तर आमदारकी गेलेलीच असते. काँग्रेसचे आमदार सुनील केदारांना जामीन मिळाला, दोषसिद्धी थांबली नाही, 2024ची विधानसभा हुकली. राहुल गांधींची खासदारकी 24 मार्च 2023ला गेली आणि दोषसिद्धीला स्थगिती मिळाल्यावरच, 7 ऑगस्टला परतली.

तरी जर्मन नियम जसाच्या तसा उचलावा असं मला वाटत नाही. आपल्याकडे अपिलं वर्षानुवर्षं पडून राहतात. अंतिम निकालापर्यंत थांबायचं तर आमदारकीची पाच वर्षांची मुदत आरामात संपेल. दोषसिद्धीच्या स्थगितीचा अर्ज मात्र ठरावीक दिवसांत निकाली निघावा आणि तोवर पोटनिवडणूक लावू नये. हे जमतं. 2022मध्ये शिक्षेमुळे आमदारकी गेलेल्या आझम खान यांच्या उत्तर प्रदेशातल्या रामपूर जागेसाठी सर्वोच्च न्यायालयाने पोटनिवडणुकीची अधिसूचना थांबवून सत्र न्यायालयाला असा अर्ज एका दिवसात ऐकायला लावला होता. तो फेटाळला गेला आणि डिसेंबरात पोटनिवडणूक झाली. मे 2023मध्ये अपिलात ते निर्दोष सुटले, तेव्हा त्या जागेवर दुसरा आमदार बसला होता.