आजी सुखी होती हे कुणी ठरवलं?
स्त्रीमुक्तीवरच्या लेखातलं बाकी ठीक, पण "आपल्या आज्या घरात सुखी होत्या, मुक्तीने बायकांच्या गळ्यात डबल ड्युटी मारली" हे वाक्य काही पटलं नाही. माझी आजी पहाटे उठून पाणी भरायची, भाकऱ्या थापून शेतावर जायची, संध्याकाळी परत चूल. म्हणजे डबल ड्युटी तेव्हाही होतीच की, फक्त पगार नव्हता आणि सातबाऱ्यावर नाव नव्हतं! अंडी विकून आलेले चार पैसे तांदळाच्या डब्यात लपवून ठेवायची, आजोबांना कळू नये म्हणून. याला सुख म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

ओढाताण होते हे मात्र १०० टक्के खरं, मी स्वतः रोज भोगतेय. पण ती मुक्तीमुळे नाही हो, मुक्ती अर्धीच झाली म्हणून. बाई ऑफिसात गेली, पुरुष काही स्वयंपाकघरात आला नाही. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. आमच्याकडे अजून ऑफिसात नवऱ्याचा फोन येतो, कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या? अहो डाळ तीच, कुकर तोच, लग्नाला इतकी वर्षं झाली! तरी नोकरी सोडशील का विचाराल तर अजिबात नाही, पासबुकावर माझं नाव आहे आणि डबा फक्त तांदळासाठी आहे. लेखकाने पुढचा लेख नवऱ्यांवर लिहावा ही विनंती.