तारेला तार जोडली म्हणून वूफर ‘आपोआप’ बेस घेत नाही

भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. (त्यातला फुल-रेंज म्हणजे सगळे सूर एकटाच वाजवणारा स्पीकर, वूफर म्हणजे खालच्या सुरांचा, बेसचा मोठा स्पीकर.) ‘तुमच्याकडे चार इंची फुल-रेंज स्पीकर आहे? शेजारी बारा इंची वूफर लावा. तारेला तार जोडा. कंडेन्सर नको, कॉइल नको. वूफर आपोआप बेस घेतो, फुल-रेंज आपोआप बाकीचं घेतो. कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत.’ त्याखाली आणखी पाच ‘गुपितं’ आहेत: क्रॉसओव्हर (कंडेन्सर-कॉइल लावून बेस एका स्पीकरला आणि बाकीचं दुसऱ्याला अशी केलेली वाटणी) लावला की आवाजाचा जीव जातो, वूफर जितका मोठा तितका बेस खोल, प्लस-मायनस कसंही लागलं तरी चालतं, दोन्ही स्पीकर एकाच खोक्यात बसवून मागे भोक पाडलं की बेस दुप्पट, आणि वॉट जास्त म्हणजे आवाज जास्त.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मामांच्या मंडळाने पारायणाच्या तोंडावर हे तसंच्या तसं केलं. फुल-रेंज चार ओमचा होता (ओम म्हणजे विजेला होणारा अडथळा; आकडा जितका कमी, तितकं ॲम्प्लिफायरवर, म्हणजे मशीनवर, ओझं जास्त). देवळाला कुणीतरी दिलेला वूफरही चार ओमचाच, तो त्याच तारांना लावला. ‘जोडलाव की रे, आणि मशीनच बसलं बघ,’ असा मामांचा फोन आला. मशीन बेळगावला आणून उघडलं तेव्हा आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळालेले निघाले. मंडळाची वर्गणी कशी जमते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मी का चिडलोय ते वेगळं सांगायला नको.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो.

दोन स्पीकर समांतर, म्हणजे त्याच दोन तारांवर, जोडले की मशीनकडून येणारा पूर्ण सिग्नल दोघांनाही मिळतो. त्यातला बेस इकडे आणि गळ्याचा आवाज तिकडे अशी वाटणी करणारं तारेत काहीही नसतं. उलट मशीनवरचं ओझं वाढतं. आठ आणि आठ ओम समांतर म्हणजे चार ओम. चार आणि चार म्हणजे दोन. मशीनच्या पाठीवर ‘कमीत कमी ४ ओम’ असं लिहिलेलं असताना त्याला दोन ओम दिले, तर तेवढ्याच व्हॉल्यूमला त्याला दुप्पट करंट द्यावा लागतो. पारायणात मशीन तासन् तास चालू असतं. ट्रान्झिस्टर तापतात आणि जातात. मामांकडे हेच झालं. देवळातल्या काही मशीनना पाठीमागे ४, ८, १६ ओमच्या टर्मिनलशेजारी १०० व्होल्टचंही टर्मिनल असतं. ते लांबच्या, ट्रान्सफॉर्मर लावलेल्या भोंग्यांसाठी आहे. तिथे उघडा वूफर कधीही जोडू नका. मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

मशीन सोसलं असं धरू. तरीही चार इंची स्पीकर सुटत नाही. स्पीकर बेस काढतो तो हवा ढकलून, आणि सूर जितका खाली जाईल तितकी जास्त हवा ढकलावी लागते. आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली आलात की कोनला, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या पडद्याला, चौपट हलावं लागतं, दोन सप्तकं खाली आलात की सोळापट. बंद खोक्यातला चार इंची स्पीकर जमिनीवर मोकळ्या जागेत ठेवून एक मीटरवर ५० हर्ट्झला ९० डेसिबल आवाज मागा. त्याच्या कोनला पुढे साडेनऊ आणि मागे साडेनऊ मिलिमीटर हलावं लागेल. चार इंची स्पीकर नीट हलतो तो तीन-चार मिलिमीटर. तेवढाच आवाज बारा इंची वूफर एक मिलिमीटरही न हलता काढतो, कारण त्याच्या कोनचं क्षेत्रफळ जवळजवळ दहापट असतं.

वूफर जोडीला घ्यायचं खरं कारण हे आहे. तो बेस वाढवण्यासाठी नसतो, फुल-रेंजला बेसच्या कष्टातून सोडवण्यासाठी असतो. मेसेजमधल्या जोडणीत हीच गोष्ट होत नाही. शेजारी वूफर असूनही चार इंचीच्या वाट्याला सगळा बेस येतच राहतो. पखवाजाच्या प्रत्येक थापेला त्याचा कोन हद्दीपर्यंत जातो, आणि त्याच कोनवर बुवांचा गळाही चाललेला असतो. म्हणून थापेसरशी अभंगाचा शब्द फाटतो. लोक म्हणतात माईक खराब आहे.

‘वूफर वरचे सूर आपोआप सोडतो’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. जड कोन आणि कोनला हलवणाऱ्या व्हॉइस कॉइलचं इंडक्टन्स (वरच्या सुरांना अडवण्याचा तिचा गुण) यामुळे वूफर वर जाता जाता मंदावतो. पण कुठे? कार्यक्रमात वापरतात तसला बारा इंची वूफर दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंत खुशाल वाजतो, आणि वरच्या टोकाला त्याचा कोन वेडावाकडा थरथरून कर्कश होतो. म्हणजे माणसाचा जवळजवळ सगळा गळा दोन स्पीकरमधून एकाच वेळी येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास असतो, तो दोन्हीकडून. त्याच्या शब्दांतल्या व्यंजनांचा काही भाग हजार-दोन हजारांवर, तोही दोन्हीकडून.

यात काय बिघडतं, याचं उत्तर १९७६ मध्येच लिहून झालेलं आहे. हेवलेट-पॅकार्डमधले इंजिनिअर सिगफ्रीड लिंकविट्झ यांचा लेख त्या वर्षी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. विषय नेमका हाच: दोन स्पीकर एका जागी नसताना दोघेही तोच सूर वाजवत असतील, तर ऐकणाऱ्यापर्यंत काय पोचतं? चांगले क्रॉसओव्हर लावलेले असतानाही, जिथे दोघांची हद्द मिळते तेवढ्या पट्ट्यात आवाजाची दिशा कलते, असं त्यांनी दाखवलं. त्यावरचा उपाय म्हणजे त्यांच्या आणि सहकारी रस रायली यांच्या नावाने आज जगभर वापरात असलेला लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर. हद्दीच्या सुरावर दोन्ही स्पीकर सहा डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये (दोघांचे कोन एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे), म्हणजे दोघांची बेरीज सपाट येते. एवढ्या अरुंद पट्ट्यातल्या गोंधळासाठी ज्यांनी डोकं चालवलं, त्यांच्यासमोर ‘संपूर्ण गळा दोघांतून वाजू द्या’ हा सल्ला ठेवून बघा.

आकड्यात सांगतो. बारा इंची आणि चार इंची शेजारीशेजारी बसवले की त्यांच्या मध्यबिंदूंत वीस-बावीस सेंटिमीटर अंतर पडतं. हजार हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी सतरा सेंटिमीटर. मंडपात कडेला बसलेल्या माणसापर्यंत एका स्पीकरचा आवाज सतरा सेंटिमीटर जास्त चालून आला, तर तो दुसऱ्याला खोडून टाकतो. समोर बसलेल्यांना हरिपाठ ऐकू येतो, बायकांच्या बाजूला नुसता घुमारा.

‘क्रॉसओव्हरने आवाजाचा जीव जातो’ हे वाक्य मुळात चांगल्या निरीक्षणातून आलं असणार, म्हणून जास्त वाईट वाटतं. वूफर आणि ट्वीटर (फक्त वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) यांच्या नेहमीच्या जोडीत वाटणी दोन-तीन हजार हर्ट्झवर होते, आणि कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तो तिथूनच पुढे. गळ्याचा खालचा भाग एका स्पीकरमधून आणि शब्दांची धार दुसऱ्यातून, हा सांधा नीट जमला नाही तर खटकतोच. फुल-रेंजची माया अनेकांना असते ती यासाठी, आणि मलाही आहे. पण फुल-रेंजला वूफरची जोड देताना वाटणी करायची ती दोन-तीनशे हर्ट्झवर. तिथे कापलं तर शब्द अखंड एकाच कोनमधून येतात. ३०० हर्ट्झच्या लहरीची लांबी एक मीटरच्या वर असते, त्यामुळे दोन स्पीकरमधलं वीतभर अंतर तिथे जाणवत नाही. दुसरा फायदा असा की चाळीस सेंटिमीटरपेक्षा अरुंद खोक्याच्या पुढच्या फळीमुळे ३०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली आवाज जो पातळ होतो, तोही वूफर भरून काढतो. म्हणजे क्रॉसओव्हर इथे जीव राखतो.

करायचं कसं? आठ ओमच्या जोडीला ३०० हर्ट्झवर सगळ्यात साधी वाटणी म्हणजे फुल-रेंजच्या वाटेत ६८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि वूफरच्या वाटेत चार मिलिहेन्रीची कॉइल. चार ओमची जोडी असेल तर कंडेन्सर दुप्पट, कॉइल निम्मी. कंडेन्सर बायपोलर (प्लस-मायनसची बाजू नसलेला) हवा, पॉवर सप्लायमधला साधा इलेक्ट्रोलिटिक नको. कॉइलची तार जाड हवी, नाहीतर बेस तिथेच तापून जातो. एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो: स्पीकरवर आठ ओम लिहिलेलं असलं तरी तो प्रत्येक सुराला आठ ओम नसतो, म्हणून हे आकडे सुरुवातीचे धरायचे आणि कानाने जुळवायचे. १०० हर्ट्झवर कापायचं तर कंडेन्सर २०० मायक्रोफॅरड आणि कॉइल बारा-तेरा मिलिहेन्रीची लागते. तेवढ्या पैशात मशीनच्या आधी लावायचा छोटा ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर बघावा आणि स्टिरिओ मशीनचा एक चॅनल फुल-रेंजला, दुसरा वूफरला द्यावा. मंडळांना मी हेच सांगतो. वूफर जोरात वाटला तर त्याचाच व्हॉल्यूम कमी करता येतो.

‘वूफर मोठा तितका बेस खोल.’ नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक का लावतात हे मंडळातल्या कुठल्याही पोराला विचारा: वजन वाढलं की सूर खाली येतो. वूफरचंही तसंच आहे. कार्यक्रमाचा बारा इंची वूफर हलक्या कागदाचा आणि ताठ असतो, तो मोठ्याने वाजतो पण फार खोल जात नाही. जड कोनचा आठ इंची योग्य खोक्यात त्याच्याहून खाली जाऊ शकतो. किती खाली, हे कोनचं वजन, त्याचा ताठपणा, चुंबकाची पकड आणि खोक्यातली हवा मिळून ठरतं. नेव्हिल थीले आणि रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित १९६१ पासून सत्तरच्या दशकापर्यंत मांडून ठेवलंय.

प्लस-मायनसचं म्हणाल तर एक स्पीकर उलटा लागला की दोघांच्या हद्दीवर आवाजात खड्डा पडू शकतो. दर सप्तकाला बारा डेसिबलने आवाज उतरवणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये एक स्पीकर मुद्दाम उलटा लावतात, हे खरं. पण ते हिशेबाने, ‘कसंही’ नव्हे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, सेलचं प्लस ज्या टोकाला लावल्यावर कोन बाहेर येतो ते स्पीकरचं प्लस.

एकाच खोक्यात दोन्ही बसवले तर वूफर आतली हवा दाबतो आणि चार इंचीचा कोन मागून ढकलला जातो. फुल-रेंजला मागे स्वतःचा बंद कप्पा हवाच. आणि माप न काढता पाडलेल्या भोकाने बेस दुप्पट होत नाही, एकच सूर घुमत राहतो. खोकं प्लायचं करा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात एमडीएफच्या कडा फुगतात आणि खोकं सांध्यातून फुसफुसायला लागतं.

वॉटबद्दल एवढंच की दुप्पट वॉट म्हणजे फक्त तीन डेसिबल.

ज्यांनी मेसेज वाचून आधीच जोडणी केली आहे त्यांनी मशीन बंद करून तारा मशीनमधून काढाव्यात आणि त्या दोन टोकांवर मल्टिमीटर ओमवर लावून आकडा बघावा. मल्टिमीटर स्पीकरवर लिहिलेल्या ओमपेक्षा थोडा कमीच आकडा दाखवतो, म्हणून ‘कमीत कमी ४ ओम’च्या मशीनसाठी तो अडीचच्या खाली आला तर वूफरची तार सोडवून वेगळी करा आणि क्रॉसओव्हर आल्याशिवाय ती पुन्हा जोडू नका.